डार्टमथ येथील ग्रंथालय : भिंतीवरील चित्रें व त्यांचे धनी

ग्रंथसंग्रहालयाचा जीर्णोद्धार म्हणजे काय, या प्रश्नाचें उत्तर वरवर पाहतां सोपें आहे. छप्पर गळत असेल तर दुरुस्त करावें, दिवे नवे बसवावे, वाचकांस बसण्यास चांगल्या खुर्च्या द्याव्या, भिंतींस रंग द्यावा, कीं झालें. परंतु ज्या विद्यालयाची सनद एका लोकसमूहाच्या नांवानें मिळविलेली आहे, ज्याच्या वाचनगृहाच्या भिंतीवर अमेरिकेचे मूळ रहिवासी दुसऱ्यांच्या हातांनीं चितारलेले आहेत, आणि ज्याच्या दप्तरांत त्यांच्यापैकीं एका थोर पुरुषाचे हस्तलेख दीर्घ काळ पडून होते, तेथें जीर्णोद्धार इतक्यावर भागत नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं न्यू हँपशायर या संस्थानांत हॅनोव्हर म्हणून गांव आहे. तेथील डार्टमथ कॉलेज हें नांवानें कॉलेज असलें तरी वस्तुतः विद्यापीठच होय. त्याच्या बेकर ग्रंथालयाचें वाचनगृह, त्याचा मनोरा व त्याचें दप्तर या तीनहि ठिकाणीं मूळ रहिवाशांचें जें दर्शन घडविलें गेलें, आणि अलीकडे त्यांत जे फेरफार झाले, त्यांचें परीक्षण करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

या त्रैमासिकाचे वाचक बहुधा कागदांचे व पोथ्यांचे संग्राहक आहेत. जुना कागद हातीं आला कीं त्यांचे कांहीं प्रश्न ठरलेले असतात. अक्षर कोणाचें, काळ कोणता, कागद कोणाच्या दप्तरांतून निघाला, आणि मध्यंतरीं तो कोणकोणाच्या हातांतून गेला. पोथीच्या शेवटीं पुष्पिका असली तर यांतील कांहीं प्रश्न लेखनिकच सोडवून ठेवितो. चित्राच्या बाबतींत मात्र आपण इतके चौकस नसतों. तें सुंदर आहे कीं नाहीं एवढें पाहून पुढें जातों. वास्तविक ग्रंथालयाच्या भिंतीवर टांगलेलें किंवा रंगविलेलें चित्र हेंहि एक साधनच होय. त्यास कागदाचेच प्रश्न विचारले तर काय निष्पन्न होतें, हें पाहण्यासारखें आहे.

प्रथम सनदेचा इतिहास सांगणें अवश्य आहे, कारण त्यावांचून पुढील चित्रांचा अर्थ लागत नाहीं. एलिएझर व्हीलॉक नांवाच्या पाद्र्यानें १७५४ सालीं कनेक्टिकट येथें मूळ रहिवाशांच्या मुलांकरितां एक धर्मादाय शाळा काढिली. तिच्या आधींच, म्हणजे १७४३ पासून, त्याच्यापाशीं मोहिगन जमातीचा सॅम्सन ऑकम हा तरुण शिकूं लागला होता. त्याचा जन्म १७२३ सालचा. इंग्रजी, लॅटिन, ग्रीक व थोडें हिब्रू इतका अभ्यास करून तो १७५९ सालीं प्रेस्बिटेरियन पंथाचा दीक्षित उपदेशक झाला. शाळेस द्रव्याची गरज पडली तेव्हां व्हीलॉकनें त्यास समुद्रापार धाडिलें. १७६६ ते १७६८ या काळांत इंग्लंड व स्कॉटलंड येथें हिंडून त्यानें तीनशेंहून अधिक प्रवचनें केलीं आणि सुमारें १२,००० पौंड जमविले. त्या काळीं ही रक्कम केवढी थोर होती हें सांगावयास नको. पुढें १३ डिसेंबर १७६९ रोजीं तिसऱ्या जॉर्ज राजाच्या नांवें कॉलेजास सनद मिळाली. तींत या भूमींतील मूळ जमातींच्या मुलांचें शिक्षण हा हेतु आधीं नमूद असून इंग्रज मुलांचा निर्देश त्यामागून आहे.

सनदेचा मजकूर असा असला तरी संस्थेचें वर्तन निराळें झालें. ऑकम विलायतेहून परत येतो तों त्याच्या बायकामुलांची आबाळ झालेली त्यास दिसली. त्यांचा सांभाळ करण्याचें वचन व्हीलॉकनें दिलेलें होतें. शाळा उत्तरेस हॅनोव्हरला हलली आणि तेथें गोऱ्या मुलांचा भरणा झाला. १७७१ सालीं ऑकमनें व्हीलॉकला एक झोंबणारें पत्र लिहिलें. विद्यालयास लॅटिनमध्यें जें 'पोसणारी माता' असें म्हणतात, त्या शब्दांत एका अक्षराचा फेर करून, ही आमची माता नसून 'गोरी माता' होणार, असा श्लेष त्यानें त्यांत साधिला आहे. शिष्यानें गुरूस गुरूच्याच भाषेंत दिलेलें हें उत्तर पुढील इतिहासानें खरें ठरविलें. पहिल्या दोनशें वर्षांत या कॉलेजांतून मूळ रहिवाशांपैकीं अवघे १९ जण पदवीधर झाले. १९७० सालीं अध्यक्ष जॉन केमेनी यांनीं मूळ हेतूकडे वळण्याचा निश्चय जाहीर केल्यानंतर ही संख्या वाढून आतां हजारावर गेली आहे. म्हणजे सनदेंतील पहिलें कलम अमलांत येण्यास दोन शतकें लागलीं. त्या दोन शतकांत मूळ रहिवासी वर्गांत फारसा दिसला नाहीं, पण भिंतीवर व मनोऱ्यावर मात्र दिसत राहिला.

आतां वाचनगृहाकडे वळूं. बेकर ग्रंथालयाची इमारत १९२८ सालीं खुली झाली. तिच्या तळमजल्यावर, जेथें नेमलेलीं क्रमिक पुस्तकें विद्यार्थ्यांस बसून वाचावयास मिळत, त्या लांबट दालनाच्या भिंती मेक्सिकोचा चित्रकार होसे क्लेमेंते ओरोझ्को यानें १९३२ ते १९३४ या काळांत रंगविल्या. याचा जन्म १८८३ सालचा व मृत्यु १९४९ सालचा. तरुणपणीं दारूच्या स्फोटांत डावा हात गेला असतां उजव्या हातानें त्यानें हीं प्रचंड कामें केलीं. चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर रंग भरण्याची ही पद्धति असल्यामुळें दिवसाला जेवढा गिलावा केला तेवढा त्याच दिवशीं संपवावा लागतो. एकंदर २४ चित्रचौकटी असून त्यांनीं सुमारें ३,२०० चौरस फूट भिंत व्यापिली आहे. अमेरिकी संस्कृतीचें महाकाव्य असें या चित्रमालेचें नांव आहे. २०१३ सालीं तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. ग्रंथालयास पुढें नवीन इमारतीची जोड मिळाली, तरी हें दालन विद्यार्थ्यांचें अभ्यासाचेंच ठिकाण राहिलें व आज चित्रकाराच्याच नांवानें ओळखलें जातें.

चित्रमालेचे दोन भाग आहेत. पश्चिमेकडील भागांत प्राचीन मेक्सिकोचा वृत्तांत आहे. लोकांचें स्थलांतर, नरबलि, आझ्टेक योद्धे, केत्झालकोआट्ल या देवाचें आगमन, त्याच्या कृपेनें आलेलें सुवर्णयुग, आणि लोकांनीं त्याग केल्यावर त्याचें समुद्रावरून निघून जाणें, असा क्रम आहे. सुवर्णयुगाच्या चौकटींत मक्याची शेती करणारा, दगड कोरणारा आणि आकाश निरखणारा असे तीन पुरुष दाखविले आहेत. कृषि, शिल्प व ज्योतिष या तीन विद्या येथल्या लोकांच्या स्वतःच्या होत्या, त्या युरोपांतून आल्या नाहींत, असें चित्रकारास त्यांतून म्हणावयाचें आहे. पूर्वेकडील भागांत कोर्तेसचें आगमन, यंत्र, इंग्रजी अमेरिका, स्पॅनिश अमेरिका आणि आधुनिक युद्धाचा नरबलि हीं दाखविलीं आहेत. शेवटीं स्वतःचा क्रूस कुऱ्हाडीनें तोडून उभा असलेला ख्रिस्त आहे. नरबलीचें चित्र दोनदां येतें, एकदां प्राचीनांचें व एकदां आधुनिकांचें. प्राचीनांस रानटी म्हणून मोकळें होणाऱ्या प्रेक्षकास चित्रकारानें या जोडीनें निरुत्तर केलें आहे.

विद्यालयाची त्यानें काय पूजा बांधिली आहे तीहि पाहण्यासारखी आहे. आधुनिक जगाचे देव या चौकटींत पदवीदानाचे झगे घातलेले हाडांचे सांगाडे रांगेनें उभे आहेत. त्यांच्यापुढें ग्रंथांच्या राशीवर एक सांगाडा प्रसूत होत असून जन्मास येणारें मूलहि सांगाडाच आहे. भोंवतीं कांचेच्या हंड्यांत पदवीधर अर्भकें जपून ठेविलेलीं आहेत आणि मागें जग पेटलें आहे. विद्यार्थ्यानें परीक्षेकरितां पाठांतर करावें तें या चित्राखालीं बसून. ज्या संस्थेनें असें चित्र काढवून घेतलें, माजी विद्यार्थ्यांचा रोष सोसून राखिलें, तिच्या औदार्याची तारीफच केली पाहिजे.

तथापि आमचे ठरलेले प्रश्न या भिंतीस विचारले असतां तीन गोष्टी नजरेस येतात. पहिली ही कीं, येथील मूळ रहिवासी म्हणजे दूरच्या मेक्सिकोचा आझ्टेक होय. ज्या भूमीवर हें कॉलेज उभें आहे ती अबेनाकी लोकांची. ज्याच्या प्रवचनांनीं तें उभें राहिलें तो ऑकम मोहिगन. या दोघांपैकीं कोणाचाहि मागमूस त्या भिंतीवर नाहीं. दुसरी ही कीं, इंग्रजी अमेरिकेची जी चौकट आहे तींत करड्या मुद्रेची शिक्षिका, तिच्याभोंवतीं मुलें व ग्रामसभेंतील ताठ नागरिक आहेत. न्यू इंग्लंडचा मूळ रहिवासी त्यांत नाहीं. म्हणजे तो प्राचीन काळांत होता, अर्वाचीन काळांत नाहीं, अशी समजूत पाहणाराची सहज होते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ओरोझ्को हा थोर चित्रकार खरा, परंतु हें चित्र मूळ रहिवाशांविषयीं आहे, मूळ रहिवाशांचें नाहीं. या दोहोंत बखर व मूळ पत्र यांच्याइतकें अंतर आहे. बखरकार कितीहि प्रतिभावान असला तरी त्याचा मजकूर पत्राच्या जागीं लावतां येत नाहीं. एवढें म्हटल्यानें चित्राची योग्यता कमी होत नाहीं. तें पुसावें किंवा झांकावें असें म्हणणारांशीं आम्ही सहमत नाहीं. त्याच्याखालील पट्टीवर काय लिहावयाचें, एवढाच वाद आहे.

ओरोझ्कोच्या चित्रांनीं जे माजी विद्यार्थी संतापले त्यांत वॉल्टर हंफ्री नांवाचा एक चित्रकार होता. कॉलेजास शोभेल असें आपलें, आनंदाचें चित्र पाहिजे, या हट्टानें त्यानें १९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत तेथील एका भोजनगृहाच्या भिंती रंगविल्या. विषय घेतला तो रिचर्ड होवी या कवीच्या एका विनोदी पानगीताचा. व्हीलॉक रमचें पिंप घेऊन रानांत येतो आणि मूळ रहिवासी ती पिऊन झिंगतात, असा तो प्रसंग आहे. अर्धनग्न स्त्रिया भोंवतीं आहेत आणि त्यांतील एकीच्या हातीं पुस्तक आहे तें उलटें धरलेलें आहे. ज्या जमातींतील ऑकम लॅटिनमध्यें श्लेष करीत होता, त्या लोकांच्या हातीं उलटें पुस्तक देण्याचें धाडस अज्ञानावांचून होत नाहीं. ग्रंथालयाच्या मनोऱ्यावरील तांब्याचें वातकुक्कुट तरी निराळें नव्हतें. १९२८ पासून त्यावर व्हीलॉक आसनावर, मूळ रहिवासी खालीं बसून चिलीम ओढीत आहे, आणि शेजारीं पिंप आहे, असा देखावा होता. तळघरांत ओरोझ्कोचा सुवर्णयुगाचा ज्योतिषी आणि शिखरावर चिलीम ओढणारा शिष्य, अशी एकाच इमारतीची अवस्था पुष्कळ वर्षें होती.

हंफ्रीचीं चित्रें पुढें फळ्यांनीं झांकलीं गेलीं व २०१८ सालीं भिंतीवरून काढून कॉलेजच्या हूड वस्तुसंग्रहालयाच्या कोठारांत ठेविलीं गेलीं. वातकुक्कुट २०२० सालीं उतरविलें. या दोनहि गोष्टी योग्य झाल्या असें आमचें मत आहे, आणि विशेषतः चित्रें नष्ट न करितां ठेविलीं हें फारच योग्य झालें. इतिहाससंशोधकास बनावट कागदहि फाडून टाकतां येत नाहीं. तो बनावट आहे अशी नोंद करून दप्तरांत ठेवावा लागतो, कारण बनावट करणाराचा काळ व हेतु समजण्यास तो उत्तम साधन असतो. १९३० च्या सुमाराचा सुशिक्षित गोरा पदवीधर मूळ रहिवाशाकडे कोणत्या नजरेनें पाहत होता, याचा या चित्राहून स्पष्ट पुरावा कोठें मिळणार? परंतु बनावट सनद कोणी दिवाणखान्यांत टांगीत नाहीं. अभ्यासकानें मागितली असतां काढून दाखविण्याची ती वस्तु आहे. जेवणाऱ्या विद्यार्थ्यांत ज्या जमातींचीं मुलें बसतात त्यांनीं प्रत्येक घांसाबरोबर ती पाहावी, असें म्हणणें न्यायाचें नाहीं.

मग मूळ रहिवाशांचा स्वतःचा हात कोठें पाहावयास सांपडतो? योगायोग असा कीं, तो याच कॉलेजांत आहे, परंतु ग्रंथालयांत नसून हूड वस्तुसंग्रहालयांत आहे. २००७ सालीं त्या संग्रहालयानें मैदानी प्रदेशांतील जमातींच्या चित्रांचा एक मोठा संग्रह मिळविला. यांस इंग्रजींत खातेवहीचीं चित्रें असें म्हणतात. पूर्वीं या लोकांतील योद्धे आपले पराक्रम रानरेड्याच्या कातड्यावर चितारीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रानरेडे मारले गेले, कातडें दुर्मिळ झालें, आणि व्यापाऱ्यांच्या व लष्कराच्या हिशेबाच्या वह्या हातीं येऊं लागल्या. तेव्हां त्याच रेघोट्यांच्या पानांवर पेन्सिलीनें व रंगीत कांडीनें चित्रें निघूं लागलीं. कित्येक पानांवर खालीं जमाखर्चाचे आंकडे आणि वर घोडेस्वार असा देखावा असतो. १८७५ सालीं चायेन, कायोवा वगैरे जमातींचे ७२ जण फ्लोरिडांत सेंट ऑगस्टीनच्या किल्ल्यांत कैदेंत ठेविले. १८७८ पर्यंतच्या त्या बंदिवासांत त्यांच्यापैकीं कांहींनीं अशा वह्याच्या वह्या भरल्या. आमच्या वाचकांस याचें मोल वेगळें समजावून सांगावयास नको. जमाखर्चाच्या वहीच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेला मजकूर कित्येकदां वहीहून मोलाचा निघतो, हा त्यांचाहि अनुभव आहे. यांतील अनेक चित्रांच्या कर्त्यांचीं नांवें ठाऊक आहेत, जमात ठाऊक आहे, काळ व स्थळ ठाऊक आहे. म्हणजे पुष्पिका बव्हंशीं शाबूत आहे.

हीं पानें वाचनगृहांत कायमचीं टांगावीं असें मात्र आम्ही सुचवीत नाहीं. कागदास उजेड बाधतो, आणि असल्या चित्रांस अंधारांतच ठेवावें लागतें, हें कोणीहि संग्राहक जाणतो. परंतु हयात चित्रकारांस ती अडचण नाहीं. १९७३ सालीं फ्रिट्झ शोल्डर, १९७५ सालीं टी. सी. कॅनन व १९७९ सालीं ॲलन हाउझर हे मूळ रहिवासी कलावंत या कॉलेजांत निवासी कलावंत म्हणून येऊन राहिले होते. हाउझर अपाची होते, कॅनन कायोवा व कॅडो वंशाचे होते. ज्या संस्थेनें एका मेक्सिकन चित्रकारास दोन वर्षें ठेवून आपली भिंत दिली, तिनें यांना वाचनगृहाची तशी भिंत दिली नाहीं, हा आमच्या मतें खरा दोष होय. ओरोझ्कोची भिंत ठेवावी, पण अभ्यासाच्या दुसऱ्या दालनांत अबेनाकी किंवा मोहिगन हाताचें काम आणावें, त्याखालीं कर्त्याचें नांव, जमात, भाषा व कोणाच्या संमतीनें तें तेथें आहे हें लिहावें. एवढें झालें म्हणजे दोन भिंती एकमेकींस उत्तरें देऊं लागतील.

याच खंडांत दुसऱ्या टोंकाला, कॅनडांतील व्हँकूव्हर येथें, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठानें यापुढें एक पाऊल टाकिलें आहे. तें विद्यापीठ मस्क्विअम लोकांच्या भूमीवर आहे. १९९३ सालीं तेथें मूळ रहिवाशांकरितां एक ग्रंथालय उघडलें. त्याचें नांव स्क्वामिश भाषेंतलें असून त्याचा अर्थ प्रतिध्वनि असा आहे. त्याची इमारत आंतील प्रदेशाच्या सेलिश लोकांच्या, जमिनींत खणून बांधलेल्या वर्तुळाकार घराच्या धर्तीची आहे. म्हणजे येथें कला भिंतीवर लावलेली नसून वास्तूच्या आकारांतच आली आहे. परंतु आम्हांस त्याहूनहि महत्त्वाची वाटते ती तेथील सूची. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या वर्गीकरणांत मूळ रहिवाशांविषयींचे बहुतेक ग्रंथ अमेरिकेच्या इतिहासाच्या वर्गांत, कोलंबसपूर्व काळाच्या शेजारीं जाऊन बसतात. मग त्यांचा विषय त्यांचा आजचा कायदा असो, वैद्यक असो वा शिक्षण असो. ब्रायन डीअर नांवाच्या मोहॉक ग्रंथपालानें १९७० नंतरच्या दशकांत निराळी पद्धति आंखिली. तींत जमाती त्यांच्या परस्परसंबंधांप्रमाणें व भूमीप्रमाणें मांडल्या जातात. व्हँकूव्हरच्या ग्रंथालयांत तिचेंच एक रूपांतर चालतें. इंग्रजी अमेरिकेच्या चौकटींत मूळ रहिवासी नसणें आणि सूचींत तो केवळ भूतकाळांत असणें, हे एकाच समजुतीचे दोन परिणाम आहेत. भिंत दुरुस्त करून सूची तशीच ठेविली तर काम अर्धेंच होतें.

शेवटीं दप्तराचा प्रश्न. ऑकमच्या हातचीं पत्रें, रोजनिशीचीं पानें व प्रवचनें डार्टमथच्या संग्रहांत होतीं. २७ एप्रिल २०२२ रोजीं तीं कनेक्टिकट येथें मोहिगन लोकांच्या भूमीवर समारंभानें त्यांच्या स्वाधीन करण्यांत आलीं. संग्राहकांत या घटनेविषयीं दोन मतें पडणें साहजिक आहे, म्हणून विरुद्ध बाजूचे आक्षेप आम्ही प्रामाणिकपणें मांडतों. पहिला आक्षेप असा कीं, मोठ्या ग्रंथालयांत कागद जितका सुरक्षित राहील तितका अन्यत्र राहणार नाहीं. दुसरा असा कीं, धाडलेलें पत्र हें ज्यास धाडिलें त्याच्या दप्तराचा भाग बनतें, त्यावर लिहिणाराच्या वंशजांचा हक्क कसा? तिसरा असा कीं, एकदां हा पायंडा पडला कीं जगांतील सर्व संग्रह रिकामे होतील.

पहिल्या आक्षेपास उत्तर हें कीं, मोहिगन लोकांतील टँटाक्विजन घराण्यानें १९३१ सालींच आपल्या जमातीचें वस्तुसंग्रहालय उभारून चालविलें आहे. १९९४ सालीं संयुक्त संस्थानांच्या सरकारानें जमातीस अधिकृत मान्यता दिली. जपणूक करण्याची विद्या ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याविषयीं अशी शंका घेणें अनाठायीं होय. दुसरा आक्षेप कायद्याच्या दृष्टीनें वजनदार आहे हें आम्ही मान्य करितों. परंतु कायद्यानें आपलें असणें आणि न्यायानें आपल्यापाशीं असणें यांत फरक आहे. ऑकमनें द्रव्य मिळविलें ज्या कामाकरितां, तें काम न करितां संस्थेनें द्रव्यहि ठेविलें आणि त्याची तक्रारहि ठेविली. तक्रारीचा कागद प्रतिवादीच्याच पेटींत राहावा, हें कोणत्याहि पंचांस रुचणार नाहीं. तिसऱ्या आक्षेपास उत्तर प्रसंगाच्या विशेषांतच आहे. येथें लेखक निश्चित आहे, त्याची जमात आजहि नांदती आहे, तिनें कागद मागितला आहे आणि अन्यायाचा इतिहास लेखी आहे. हे चारहि विशेष जेथें एकत्र येतात अशीं प्रकरणें थोडीं असतात. जेथें ते येतात तेथें कागद परत करावा, जेथें येत नाहींत तेथें प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणें तपासावें.

शिवाय अभ्यासाचें नुकसान झालें असें म्हणावयास जागा नाहीं. ऑकमच्या व त्याच्या समकालीनांच्या कागदांची संगणकीय आवृत्ति डार्टमथनें मूळ कागद देण्यापूर्वींच सिद्ध केलेली होती, आणि ती कोणासहि वाचावयास खुली आहे. मूळ कागद कोठें असावा आणि मजकूर कोणास मिळावा, हे दोन निराळे प्रश्न आहेत. आपल्याकडे कै. राजवाडे यांनीं घरोघरचीं दप्तरें धुंडाळून १८९८ पासून साधनांचे खंड छापले, तेव्हां मजकूर सर्वांचा झाला. कागद कोणाचा, या प्रश्नास मात्र आपण आजवर तितकें महत्त्व दिलेलें नाहीं. आमच्या संग्रहांत डोंगरकपारींतल्या व जंगलपट्टींतल्या लोकांचीं चित्रें, टांक, मुखवटे व वस्तु पुष्कळदां येतात आणि त्यांवर गांवाचें नांव असलें तरी करणाराचें नांव नसतें. देणाराचें नांव असतें, ज्याच्याकडून घेतलें त्याचें नसतें. डार्टमथच्या उदाहरणावरून आम्हांस जें शिकावयाचें तें हेंच कीं, नोंदवहींतले हे दोन रकाने रिकामे ठेवूं नयेत.

एक सूचना करून हा लेख संपवितों. ओरोझ्कोच्या दालनाच्या दाराशीं ऑकमच्या १७७१ च्या पत्राची एक छायाप्रत लावावी आणि तिच्याखालीं त्याचे कागद २०२२ सालीं मोहिगन लोकांकडे गेल्याची नोंद असावी. मूळाच्या जागीं प्रत टांगण्यांत संस्थेस कमीपणा नाहीं. उलट, आपण काय ठेविलें होतें व तें कोणास परत केलें, हें ती प्रत प्रत्येक नव्या विद्यार्थ्यास सांगेल, आणि त्यानंतर तो आंत जाऊन सुवर्णयुगाचा ज्योतिषी पाहील तेव्हां तें चित्र कोणाचें व कोणाविषयीं आहे हें त्यास वेगळें सांगावें लागणार नाहीं.